इस्तंबूलमधला हमाम: आईला घेऊन जायचंय, सल्ला हवा

पारिजात_ठाणे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी आई असे तिघं इस्तंबूलला चाललोय. पाच दिवस, फक्त इस्तंबूल. रोज नवं हॉटेल आणि रोज बॅगा बांधणं आईला झेपत नाही, म्हणून बाकीचं तुर्कस्तान यावेळी सोडलंय. बाबांना एवढा विमानप्रवास नको, ते घरीच राहतील.

आई ६६ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदललाय, बीपीची गोळी रोज सकाळी असते. बाकी तब्येत छान, तलावपाळीला रोज दोन फेऱ्या मारते. तिने प्रवासाच्या कुठल्याशा कार्यक्रमात हमाम पाहिला आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय. राजवाडे नाही दाखवलेस तरी चालेल, पण त्या संगमरवरावर मला एकदा आंघोळ करायचीय. परवा मात्र पोळ्या लाटता लाटता हळूच विचारलं, "सगळ्यांसमोर कपडे काढावे लागतात का गं?" मला उत्तर देता आलं नाही. नुसतं "काही होत नाही" म्हणायचं आणि तिला तिथे नेऊन उभं करायचं, हे मला पटत नाही. आत काय काय होणार ते तिला आधी नीट ठाऊक असायला हवं.

तर विचारायचं ते असं. बायकांना बायकाच आंघोळ घालतात ना, आणि हे आधी कसं कळावं? अंगावर काय असतं? ओल्या फरशीवर तिच्या गुडघ्याचं काय? मंगळसूत्र काढावं लागेल का? (ती कधीच काढत नाही, ऑपरेशनच्या वेळी काढलं होतं तेवढंच.) नवरा बरोबर येऊ शकतो की त्याचं वेगळं? राहणार सुलतानअहमत भागात, तर सोयीचा हमाम कुठला? प्रसिद्ध हमाम महाग दिसताहेत, पण एकदाच जायचंय. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, आईला अवघडल्यासारखं होऊ नये.

हडपसरकर

आम्हीही डिसेंबरात आईवडिलांना घेऊन जातोय आणि घरात हाच विषय चालू आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

गलाताकर

कामानिमित्त चार वर्षं इस्तंबूलला होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी हमाम चालतो कसा ते आईंना सांगा, म्हणजे निम्मी भीती जाईल. तीन टप्पे असतात. पहिला मोठा घुमटाखालचा दिवाणखाना, त्याला जामेक्यान म्हणतात. तिथे कपडे बदलायच्या खोल्या असतात, आंघोळ झाल्यावर पंचे गुंडाळून चहा पीत बसायचं तेही इथेच. दुसरी कोमट खोली, अंगाला उष्णतेची सवय व्हावी म्हणून. तिसरी खरी गरम खोली. मधोमध संगमरवराचा मोठा ओटा, त्याला ग्योबेक ताशी म्हणजे शब्दशः "बेंबीचा दगड" म्हणतात. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या, त्यांना कुर्ना म्हणतात, आणि त्यावर गरम-गार पाण्याचे नळ. खिडक्या नसतात. उजेड येतो घुमटातल्या गोल काचांमधून. तुर्की लोक त्या भोकांना हत्तीचे डोळे म्हणतात. सकाळी अकराच्या सुमाराला त्या काचांतून वाफेत उतरणारे उजेडाचे सोट बघत नुसतं पडून राहिलात तरी पैसे वसूल.

ओटा गरम का असतो? जुन्या हमामात मागच्या अंगाला भट्टी असते, क्युल्हान. तिच्यावर पाणी तापतं, आणि तिचा धूर आणि गरम हवा फरशीखालच्या पोकळीतून खेळवून भिंतींतल्या नळ्यांमधून वर सोडलेली असते. ही युक्ती रोमन लोकांची, उस्मानी कारागिरांनी ती पुढे चालवली. त्या पोकळीचं नाव जेहेन्नेमलिक, म्हणजे आपला जहन्नमच. पूर्वी लाकडं जळायची, आता बहुतेक ठिकाणी गॅस आहे.

आता हमाम कुठला.

चेंबरलिताश: ट्रामच्या त्याच नावाच्या थांब्याला लागून, सुलतानअहमतपासून चालत दहा मिनिटं. १५८४ चा, उस्मानी (ऑटोमन) दरबाराचा प्रसिद्ध वास्तुकार मिमार सिनान याचा आराखडा, सुलतान तिसऱ्या मुरादच्या आईने, नूरबानू सुलतानने बांधून घेतला. बायका आणि पुरुष यांचे विभाग पूर्ण वेगळे. गर्दी भरपूर असते, कामात थोडी घाई जाणवते.

हुर्रेम सुलतान: आयासोफिया आणि निळी मशीद यांच्या मधोमध, १५५६ चा, हाही सिनानचा. सुलतान सुलेमानच्या बायकोसाठी बांधलेला. बायकांची आणि पुरुषांची अशा दोन्ही बाजू एकाच सरळ रेषेत पाठीला पाठ लावून बांधल्यात. मधली बरीच वर्षं तिथे आंघोळी बंद होत्या, काही काळ तर सरकारी गालिच्यांचं दुकान होतं. २०११ मध्ये पुन्हा हमाम म्हणून उघडला. फार देखणा आणि महागड्यांत मोडणारा.

जाआलोलू: १७४१ चा, सुलतान पहिल्या महमूदच्या काळातला. त्याच्या उत्पन्नातून आयासोफियातल्या ग्रंथालयाचा खर्च चालायचा. पुढे १७६८ मध्ये मोठे नवे हमाम बांधायलाच बंदी आली, कारण शहराचं पाणी आणि लाकूड त्यांना पुरत नव्हतं. त्यामुळे मोठ्या हमामांच्या परंपरेतला हा जवळजवळ शेवटचा.

कलच अली पाशा: ट्रामने तोपहाने थांब्यावर उतरायचं. (तोपहाने म्हणजे आपला तोपखाना. तिथे तोफा ओतायचे.) उस्मानी आरमाराच्या प्रमुखाने सिनानकडून १५८० च्या आसपास बांधून घेतला, मोठी दुरुस्ती होऊन २०१२ मध्ये उघडला. हा जोड-हमाम नाही, एकच आहे, म्हणून वेळा वाटून दिल्यात. दिवसा बायका, संध्याकाळनंतर पुरुष. म्हणजे तुम्ही आत असताना अख्ख्या इमारतीत आंघोळीला आलेला एकही पुरुष नसतो. माझी आई आली होती तेव्हा मी तिला इथेच पाठवलं होतं. तुम्हालाही हाच सांगेन. आगाऊ नोंदणी हवीच, आणि वेळा बदलतात त्या त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दर बहुतेक सगळीकडे युरोत लावतात, कारण लिराची किंमत सतत घसरतेय.

नवऱ्याचं वेगळंच होईल. स्त्री-पुरुष एकत्र असलेला जुना हमाम सुलेमानिये मशिदीजवळ आहे, तिथे जोडपी आणि कुटुंबं घेतात, पण आंघोळ घालणारे पुरुष असतात. तुमच्या आईंसाठी तो नको.

सई_फ्रँकफुर्ट

कपड्यांचं मी सांगते. इथे माझ्या शेजारणी तुर्की आहेत आणि त्यांच्याबरोबर मी इस्तंबूल, बुर्सा, इझमीर अशा तिन्ही ठिकाणी हमामात गेलेय.

आत गेल्यावर पेश्तेमाल देतात, म्हणजे पातळ सुती, बहुधा चौकड्यांचा पंचा. तो काखेतून गुंडाळायचा. खाली अंतर्वस्त्राचा खालचा भाग ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी वापरून टाकायची चड्डी देतात, पण आईंसाठी स्वतःची एक जुनी, गडद रंगाची न्या आणि एक कोरडी जादा. वरचा भाग बहुतेक बायका काढतात, कारण पाठ घासायला तो मध्ये येतो. पण पोहायचा पोशाख घालून बसलं तरी कुणी काही म्हणत नाही. तुर्की बायकासुद्धा सगळ्या सारख्या नसतात, कुणी पंचा शेवटपर्यंत सोडत नाही. ओट्यावर झोपवतात तेव्हा पंचा अंगाखाली अंथरतात, पालथं केलं की कमरेवर टाकतात.

आईंना एक गोष्ट नक्की सांगा. आत कुणी कुणाकडे बघत नाही. वाफ असते, पाण्याचा आवाज असतो, आणि सगळ्या वयाच्या, सगळ्या घडणीच्या बायका असतात. पोटावर सिझेरियनचे व्रण, सुरकुतलेल्या मांड्या, सगळं सगळ्यांचं असतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिशीत होते आणि पंचा घट्ट धरून कोपऱ्यात बसले होते. शेजारच्या कुंडीपाशी सत्तरीची एक आजी आपल्या नातीचे केस विंचरत होती, दोघी गप्पा मारत होत्या, तिने नुसतं हसून तिचा तांब्या माझ्याकडे सरकवला. त्यानंतर मला संकोच वाटला नाही.

तुर्की बायकांसाठी ही नुसती आंघोळ कधीच नव्हती. लग्नाआधी नवरीला मैत्रिणी-नातेवाइकांसोबत हमामात न्यायचे, बाळंतिणीचे चाळीस दिवस भरले की तिची आणि बाळाची आंघोळ तिथे व्हायची. आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात तसंच. मुलासाठी मुली बघायच्या तर आया हमामात बघून ठेवायच्या. माझी शेजारीण सांगते की तिची आजी घरून डबा घेऊन सकाळी जायची ती दुपारी यायची.

आंघोळ घालणारीला नातर म्हणतात, पुरुषांच्या बाजूच्याला तेल्लाक. नोंदणी करताना "बायकांच्या विभागात नातर बाईच असते ना" हे लेखी विचारा. जुन्या नामांकित हमामांत बाईच असते, पण हॉटेलांच्या तळघरातल्या तथाकथित हमामांत पुरुष मालिशवाला पुढे येऊ शकतो.

अस्थिमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा आणि बीपी दोन्हीबद्दल लिहितो, पण निघण्याआधी आईंच्या स्वतःच्या डॉक्टरांना विचाराच.

गुडघ्याला उष्णतेचा त्रास नाही. दोन वर्षं झालीत, जखम पूर्ण भरलेली आहे. धोका आहे तो घसरण्याचा. ओला संगमरवर, त्यावर साबणाचा फेस. रबरी तळ असलेल्या, घट्ट बसणाऱ्या चपला घरून न्या. हमामात मिळणाऱ्या ढगळ सपाता किंवा लाकडी खडावा घालू नका. नातर हात धरून नेते, तिचा हात सोडू नका, आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही राहा. कपडे बदलायच्या खोल्या पुष्कळदा वर माडीवर असतात आणि जिना अरुंद असतो, तेव्हा नोंदणीच्या वेळीच तळमजल्यावरची खोली मागा.

ओट्यावर चढताना आधी बसायचं, मग कुशीवर, मग झोपायचं. पालथं झोपताना बदललेला गुडघा थेट दगडावर टेकला तर वाटीच्या पुढच्या भागात दुखतं. तिथे पंच्याची घडी घालायला सांगा. पालथं झोपणं जमणारच नसेल तर बसल्या बसल्या कुंडीपाशी सगळं करून देतात, त्यात काही कमी होत नाही. उकिडवं किंवा मांडी घालून बसू नये, हे त्यांना ठाऊकच असेल.

बीपीचं असं, की उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली येतो. त्यात गोळी घेतलेली असते. आडवं असताना काही जाणवत नाही, झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून उठताना आधी बसून दोन मिनिटं थांबायचं. गरम दगडावर सलग दहा ते पंधरा मिनिटं पुरेत, मध्ये कोमट खोलीत येऊन बसावं. आधी आणि नंतर भरपूर पाणी. जेवून दोन तास झालेले असावेत, पण अगदी उपाशीपोटीही जाऊ नये. छातीत धडधड, मळमळ, डोकं हलकं वाटणं यातलं काहीही झालं तर लगेच बाहेर.

मधुमेह असता तर मी आणखी सावध केलं असतं, कारण तळपायाची संवेदना कमी असलेल्यांना चटका कळत नाही. हे हडपसरकरांसाठीही.

मिरजेची_मुक्ता

माझा अनुभव चांगला नव्हता, तो सांगते म्हणजे कुणी तरी फसायचं वाचेल. आम्ही दोघी मैत्रिणी रस्त्यावर फिरताना एका माणसाच्या बोलण्यावर विसंबून एका हमामात गेलो. नाव लिहीत नाही. बाहेर सांगितलेल्या दरात "सगळं" होतं. आत गेल्यावर घासणं वेगळं, मालिश वेगळं, असं करत आकडा दुप्पट झाला. मालिश म्हणजे पाच मिनिटं खांदे दाबले. आणि निघताना दोघी-तिघी दारात उभ्या राहून बक्षिशी मागत होत्या, माझ्या हातातलं पाकीट बघत होत्या. मला रडू आलं होतं. मैत्रीण म्हणाली सोड, पण इतक्या वर्षांची इच्छा अशी संपली याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हा: रस्त्यावर बोलावणाऱ्याबरोबर जाऊ नका. आधी नोंदणी करा, काय काय आहे ते लिहून घ्या, आणि बक्षिशीचे पैसे वेगळे, सुटे, लिरात काढून ठेवा. साधारण बिलाच्या दहा-पंधरा टक्के देतात, ज्या बाईने आंघोळ घातली तिच्याच हातात द्या.

गलाताकर

मुक्ताताई, वाचून वाईट वाटलं. पर्यटकांच्या रस्त्यांवर असं होतं. पुन्हा गेलात तर इथे विचारून जा, तुमची ती इच्छा पूर्ण व्हायला हवी.

शब्दवेडा

एक अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या खरखरीत हातमोज्याने घासतात त्याला तुर्कीत "केसे" म्हणतात. मूळ अर्थ पिशवी, थैली. हाच शब्द फारसीतून मराठीत आला तो आपला "खिसा". म्हणजे नातर आपल्याला खिशाने घासते! बक्षीस आणि सरबत हेही दोन्हीकडे आहेत, तिथे "बाहशिश" आणि "शेर्बेत".

आणि हमाम आपल्यालाही परका नाही. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे. जळगावहून बुऱ्हाणपूर जवळ, तिथल्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरचं रंगकाम अजून टिकून आहे. मुमताजमहलचं निधन १६३१ मध्ये त्याच बुऱ्हाणपुरात झालं. तुर्की हमामातून परत आलात की एकदा जाऊन बघा, कोमट खोली कुठली आणि गरम कुठली हे आपोआप कळायला लागतं.

सई_फ्रँकफुर्ट

केसेवरून आठवलं, महत्त्वाचं राहिलंच. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम अजिबात लावू नका. आपल्या अभ्यंगाच्या बरोबर उलटं आहे हे. आपण तेल लावून उटण्याने काढतो. हमामात कोरड्या त्वचेला वाफेने पंधरा-वीस मिनिटं फुलू देतात आणि मग साबणाशिवाय केसे चालवतात. तेल असेल तर केसे नुसता घसरतो, मळ निघतच नाही. निघाला की करड्या शेवयांसारखा वळून येतो. साबण त्यानंतर. कापडी पिशवी साबणाच्या पाण्यात बुडवून, हवा भरून पिळतात आणि अंगावर फेसाचा ढीग येतो, त्यातून मालिश.

आदल्या दिवसापासून वॅक्सिंग वगैरे नको, झोंबतं. उन्हाने कातडी भाजली असेल तर जाऊ नका. कुर्न्याला खाली भोक नसतं, त्यातलं पाणी स्वच्छ राहायला हवं, म्हणून त्यात साबणाचा हात किंवा पाय घालायचा नाही. तांब्याने घेऊन अंगावर ओतायचं, अगदी आपल्या घंगाळासारखं. मंगळसूत्र काढावं हे बरं. सोनं गरम होतं, आणि पोत केशात अडकून तुटू शकते (केशात म्हणजे मोज्यात).

तीन शब्द पाठ करून जा. यावाश म्हणजे हळू. सजाक म्हणजे गरम. येतेर म्हणजे पुरे.

काटकसरी_कोल्हापूर

एवढे पैसे द्यायचे नसतील तर वस्तीतले साधे हमाम असतात, निम्म्याहून कमी खर्च. आपला पंचा, आपला साबण न्यायचा. भाषेची अडचण येते, आणि बायकांचे दिवस किंवा वेळा वेगळ्या असतात, त्या दारावर लिहिलेल्या असतात. ६६ वर्षांच्या आईंसाठी मात्र गलाताकर म्हणतात तेच योग्य.

पारिजात_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हा धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. सईच्या आजी-नातीच्या भागाला मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. डॉक्टरांनी परवानगी दिलीय, गोळी नेहमीच्या वेळेला आणि हमाम अकरानंतर असं सांगितलंय. कलच अली पाशाची तिसऱ्या दिवसाची सकाळ नोंदवली, तळमजल्याची खोली आणि गुडघ्याचं लेखी कळवलं, उत्तर आलं. एकच गोष्ट तिला अजून पटत नाही, तेल न लावता आंघोळ म्हणजे काय आंघोळ.

हडपसरकर

गेल्या का? कसं झालं ते लिहा, आम्ही वाट बघतोय.

पारिजात_ठाणे

परवा परतलो. लिहायला बसले तेव्हा आई शेजारी येऊन बसलीय, म्हणजे हे दोघींचं समजा.

सकाळी हॉटेलातून निघताना आईने बाबांना फोन केला, मंगळसूत्र काढून ठेवतेय म्हणून सांगितलं, आणि मग ते काढून रुमालात बांधून माझ्या नवऱ्याकडे दिलं. ट्रामने तोपहानेला उतरलो. तो बाहेर किनाऱ्यावर बसून राहिला, आम्ही दोघी आत.

दिवाणखान्यात शिरल्यावर आई वर बघतच उभी राहिली. घुमट किती उंच आहे हे फोटोत कळत नाही. थंड सरबत दिलं. खोली खालचीच होती. पंचा गुंडाळताना तिचे हात थरथरत होते, मी गाठ बांधून दिली. तेवढ्यात नातर आली. पन्नाशीची, दणकट हातांची बाई. तिने माझ्याकडे न बघता सरळ आईचा हात धरला आणि म्हणाली, "तेय्झे." मग सगळा वेळ ती आईला तेय्झेच म्हणत होती. आईने मला विचारलं, मला ठाऊक नव्हतं. बाहेर आल्यावर तिथल्या मुलीला विचारलं. तेय्झे म्हणजे मावशी. आईची सख्खी बहीण ती तेय्झे, आणि ओळख नसलेल्या मोठ्या बाईलाही तेच म्हणतात. आई म्हणाली, आपल्या पोळ्यावाल्या सुमन मला मावशी म्हणतात तसंच की.

गरम खोलीत नातरने आधी तांब्याने पाणी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघितलं, मग आईच्या पायांवर, मग मांडीवर, मग खांद्यांवर ओतलं. आईचे डोळे मिटले ते मला दिसलं. दगडावर बसवलं, आडवं केलं. गुडघ्यावरचा व्रण दिसल्यावर ती थांबली. वीतभर उभा व्रण आहे तो. आई तो घरातसुद्धा कुणाला दिसू देत नाही, ऑपरेशनपासून गाऊनची लांबीसुद्धा वाढवलीय. नातरने त्यावर दोन बोटं ठेवली आणि भुवया वर करून विचारलं, दुखतंय? आईने मान हलवली, नाही. तिने पंच्याची जाड घडी केली, पालथं करताना गुडघ्याखाली सरकवली, आणि त्या पायाला शेवटपर्यंत केसे नाही, नुसता फेस लावला. मला काहीही सांगावं लागलं नाही. मी शेजारी होते पण माझं तिथे काही कामच नव्हतं.

घासताना दंडावरून मळाच्या शेवया निघाल्या. नातरने त्या आईला मुद्दाम दाखवल्या, आणि आई मराठीत म्हणाली, "अगं बाई, मी रोज वज्रीने घासते हो!" ती तुर्कीत काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. शेवटी केस धुतले. कुंडीपाशी आईला बसवून, तिचं डोकं आपल्या मांडीला टेकवून, कपाळावर हात आडवा धरला, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून. आई म्हणाली, असा हात शेवटचा तिच्या आजोळी, कऱ्हाडला, मामीने धरला होता. मग थोडा वेळ ती काही बोलली नाही.

अस्थिमित्र, उठताना दोन मिनिटं बसवलं, अंधारी आली नाही. दिवाणखान्यात कोरडे पंचे गुंडाळून अर्धा तास चहा घेत बसलो. तिथून निघताना "सहहातलेर ओल्सुन" म्हणाल्या सगळ्या, आंघोळ झालेल्याला असंच म्हणतात, तब्येतीला लाभो अशा अर्थाने. बक्षिशी आईने स्वतःच्या हाताने नातरला दिली, आणि वर पर्समधली राजगिऱ्याची वडी. घरून निघताना वाटेत खायला घेतली होती.

मुक्ता, आई म्हणतेय की तुम्ही पुन्हा जा, आणि याच ठिकाणी.

हडपसरकर

माझ्या आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तो केसे विकत मिळतो का, आणि घरी वापरता येतो का?

पारिजात_ठाणे

हो, हमामातही मिळतो आणि मिसर चार्शीच्या, म्हणजे मसाल्याच्या बाजाराच्या आजूबाजूच्या दुकानांत स्वस्त मिळतो. दोन घ्या, एकमेकांचा वापरायचा नसतो. घरी वापरताना आधी दहा मिनिटं गरम पाण्याच्या वाफेत बसायचं, तेल-साबण काही नाही, हलक्या हाताने, आठवड्यातून एकदाच. वापरून झाला की धुऊन उन्हात पूर्ण वाळवायचा, नाहीतर कुबट वास येतो. आईचा आत्ता गच्चीच्या दोरीवर चिमट्याला लावलाय.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मात्र ती तेलच लावणार आहे, आणि केसे भाऊबीजेनंतर. तुमच्या आईंना सांगा, जाताना चपला रबरी तळाच्याच न्या आणि जिना टाळा.